आबांनी वाचलेलं साल

परवा धुळ्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. निघताना पुढच्या तपासणीची चिठ्ठी हातात आली. तिला स्पिरिटचा वास होता, आणि त्या वासासरशी साक्रीकडचे ते आबा आठवले.

सन दोन हजार उजाडायला थोडे दिवस उरले होते. डोळ्यांच्या एका छोट्या दवाखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचे. नोंदींच्या प्रोग्राममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे मी ठेवले होते; '००' म्हणजे १९०० असं तो धरला असता, म्हणून तो दुरुस्तही मीच केला. सगळं तपासलंय, असं डॉक्टरांना ठणकावून सांगितलंही.

तेवढ्यात एका डोळ्यावर पट्टी बांधलेले आबा माझ्या टेबलाशी आले. कडेला भोकं असलेला प्रिंटरचा कागद त्यांनी पुढे केला.

"माय, या तारखेले मना बाप बी जलमेल नव्हता. मी कसा येसू?"

कागदावर पुढच्या तपासणीची तारीख जानेवारी १९०० मधली छापली होती. मला आधी त्यांचाच राग आला. "बसा जरा," एवढंच मी म्हणाले. मग लक्षात आलं, रोजची तपासणीची यादी याच तारखांवरून निघते. जानेवारीतल्या एकाही पेशंटचं नाव तिच्यात आलं नसतं. त्यांच्या एका उघड्या डोळ्यानं किती जणांचे डोळे राखले, ते आज कळतंय.

दुरुस्ती होईपर्यंत आबा बाकावर बसून राहिले. नव्या चिठ्ठीवर २००० साल वाचून म्हणाले, "आते बरोबर शे."

परवा मीही उघड्या डोळ्यानं आधी साल वाचलं. "आते बरोबर शे," मी म्हटलं. काउंटरवरची मुलगी हसली. तिला वाटलं, मी डोळ्याबद्दल बोलतेय.