जांब सोलायचं यंत्र

लग्न होऊन मी नाशिककडून थेट गेवराईला आले. यजमान निजाम सरकारात गिरदावर, म्हणजे महसुलाचे फिरते अंमलदार होते. महिन्यातले बरेचसे दिवस घोड्यावरून गावोगाव दौऱ्यावर असायचे. घरात मी एकटी. शेजारच्या बायका उर्दू बोलणाऱ्या, त्याही पडद्यातल्या.

एकदा हैदराबादहून परतताना त्यांनी सफरचंदांची करंडी आणि एक लोखंडी यंत्र आणलं. ते फळीच्या कडेला आवळून बसवायचं, फळ काट्यांवर खोचायचं आणि दांडा फिरवायचा. पातं साल उतरवत जाई आणि मधली नळी बियांसकट गाभा काढी.

"तुझा वेळ वाचेल," ते म्हणाले.

वेळ सोडून माझ्याकडे दुसरं होतं काय?

ते पुन्हा दौऱ्यावर गेले. मी सगळी सफरचंदं एका बैठकीत सोलून टाकली. एकटीला खाववेनात. संध्याकाळपर्यंत काळी पडली.

थंडीत तलवाड्याची एक म्हातारी जांब विकायला दारात आली. आम्ही ज्याला पेरू म्हणतो, त्याला तिकडे जांब म्हणतात. एक टणक फळ निवडून मी तिच्यासमोर यंत्राला लावलं. दांडा फिरला, साल लोंबू लागली, तसा तिनं तोंडाला पदर लावला.

"अगं माय! हे कावून करता वो बाई?"

"सोलायला. बियासुद्धा निघतात."

"बिया काढल्यावर जांबात ऱ्हातं काय?"

किती दिवसांनी मी मोठ्यानं हसले. मग तिच्या हाती दांडा दिला. तिनं तो असा गरागरा फिरवला की फळाचा पार चेंदा झाला. पडलेली साल मात्र तिनं मीठ लावून खाऊन टाकली.

पुढे ती दर बाजाराच्या दिवशी यायची. मी नको तितके जांब घेई आणि सावकाश दांडा फिरवत राही, म्हणजे ती बसेल. "लेकी नांदायला गेल्या. घर लई सुनं हाय," एकदा ती म्हणाली. मी म्हटलं, "माझंही."

उन्हं तापू लागली तशी तिची पाटी हलकी झाली.

"जांब सरले, बाई. आता फुडल्या साली."

"मग नुसती ये ना, मावशी."

"मोकळ्या हातानं कावून येऊ?" ती खरंच विचारत होती.

नुसतं बसायला ये, एवढं साधं मला बोलता आलं नाही. तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि गेली.

पुढचे जांब पिकायच्या आत यजमानांची बदली झाली. आमची बैलगाडी तलवाड्यावरून निघाली. रस्त्याकडेच्या रानात बाया खुरपत होत्या, सगळ्या पाठमोऱ्या. मी पडदा सारून वाकून पाहू लागले.

"कुणी ओळखीचं आहे का?" यजमानांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "पण हाक काय मारू? नाव कधी विचारलंच नाही."