मुठीतला गुलाल

विजयाच्या मिरवणुकीत गुलाल उधळलेला दिसला की मला ती केस आठवते आणि जेवणावरची वासना उडते.

देशात सत्तापालट झाला होता. लोकसभा विरोधी पक्षानं जिंकली होती. मी तेव्हा फरीदाबादजवळच्या एका नव्या उपनगरात ठाणेदार होतो. आमचं मराठी घर दिल्लीत दोन पिढ्यांपासूनचं. त्या उपनगरात कालपरवापर्यंत गहू पिकवणाऱ्या शेतांचे प्लॉट पडले होते आणि प्रत्येक प्लॉटवर कुणाचा ना कुणाचा डोळा होता. निकालाच्या दुपारी अशाच एका प्लॉटचा चौकीदार फाटकाशी मेलेला सापडला. डोक्यावर काठीचे घाव. तो साताऱ्याकडचा, फौजेतून निवृत्त झालेला. बायकोसह तिथल्याच एका खोलीत राहायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबर आली की, हरलेल्या पुढाऱ्याच्या पुतण्यानं त्याला मारलं. खबरेमागोमाग साक्षीदारही हजर. त्या पुढाऱ्याची जीप दिसली की हीच माणसं उठून उभी राहायची. आता सगळ्यांना कंठ फुटला होता. पुतण्याला तो प्लॉट हवा होता, चौकीदाराच्या त्यानं एकदा थोबाडीतही मारली होती. संध्याकाळपर्यंत अटक दाखवा, असा वरून फोन आला. सगळं इतकं आयतं जुळलं की मला उलट संशय आला.

पुतण्याला चौकशीला बसवलं. सगळी मस्ती उतरली होती.

"साब, हम तो दरवाज़ा बंद करके बैठे थे. हारने वाला बाहर निकलता है क्या? मैंने छत से देखा, जुलूसवालों ने मारा. ठेकेदार ने."

ठेकेदार म्हणजे जिंकलेल्या पक्षाचा तिथला कार्यकर्ता. पण आरोपी दुसऱ्याकडे बोट दाखवतोच, म्हणून मी लगेच विश्वास ठेवला नाही. शवागारात जाऊन प्रेत पाहिलं. शर्टावर गुलाल होता. मी हवालदाराकडे पाहिलं.

"घरवालों ने लगाया होगा, साब. मराठे लोग मुर्दे को गुलाल लगाते हैं. छावनी में देखा है मैंने."

बोलणं खरं होतं. आमच्याकडे प्रेतावर गुलाल उधळतात. पण चौकीदाराची मूठ आवळलेली होती आणि गुलाल मुठीच्या आतही होता. मी त्याच्या बायकोकडे गेलो.

"वहिनी, गुलाल तुम्ही लावलात का?"

"मला त्यांच्या अंगाला हात तरी लावू दिला का तुमच्या लोकांनी?" ती भडकली. मग हळूच म्हणाली, "ठेकेदार येऊन गेला. पुतण्याचं नाव घे, खोली तुझ्याकडेच राहील, म्हणाला."

"मग घेणार?"

"त्या मेल्या पुतण्याचं वाटोळं झालं तर मला आनंदच होईल, साहेब. पण बाजारातून येताना मी फाटकातून झेंडेवाले पळताना पाहिले. ठेकेदार सगळ्यांत पुढं होता. जे पाहिलं तेच सांगणार."

मी तिचा जबाब घेतला आणि ठेकेदाराला उचललं. गुलालाचा विषय काढताच तो फुटला. "झंडा ही तो गाड़ना था प्लॉट पर. बुड्ढा फाटक से हटा ही नहीं."

पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. मारताना पाहिलेला पुतण्या एकटाच, म्हणून सारी मदार त्याच्या साक्षीवर होती, आणि खटला उभा राहीपर्यंत तो काकासकट जिंकलेल्या पक्षात गेला होता. त्या बाईमुळे फासातून वाचलेला हा माणूस तिच्यासमोर पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, "मैंने कुछ नहीं देखा." मला त्याची किळस आली. एकट्या बाईच्या सांगण्यावर गुन्हा शाबीत झाला नाही. ठेकेदार निर्दोष सुटला. तिची खोली तर त्यानं जामिनावर असतानाच पाडली होती.

कोर्टाच्या व्हरांड्यात तिनं मला गाठलं. "साहेब, मी तेव्हा खोटं बोलले असते, तर निदान कुणीतरी तुरुंगात गेलं असतं ना?"

  ती गावी निघून गेली.

सत्ता बदलली की साक्षीदार बदलतात, हे मला त्याआधीही माहीत होतं. त्या केसनं शिकवलं ते निराळंच. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी गरीब माणसाचा जबाब घ्यायला बसलो की पहिला प्रश्न विचारायचो, "राहायला दुसरी जागा आहे का?"