माजघरातला कापूस

गेल्या दिवाळीनंतर माझी सहा वर्षांची भाची दम्याने गेली. बहिणीच्या जिंतूरकडच्या सासरी भाव वाढेपर्यंत कापूस माजघरात भरून ठेवतात. भाची आणि तिचा भाऊ त्या ढिगावरच खेळत. त्याला कधी शिंकही आली नाही.

"आमच्यात कुनालाच दमा न्हाई. तुज्याच माहेरचं रगत हाय हे," सासू बहिणीला म्हणाली.

परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोगप्रतिकारशक्तीची जनुकं आई-बाप दोघांकडून येतात. प्रत्येक लेकरात त्यांची जुळणी वेगळी, म्हणून कापसाची तीच धूळ एकाला बाधते, दुसऱ्याला नाही. बहिणीने हे घरात सांगितलं.

"डॉक्टर तुमचाच पाव्हना असंल," सासू म्हणाली.

बहीण आता गंगाखेडला आमच्याकडे असते. मुलगा तिकडेच आहे. यंदाचा कापूस माजघरात भरला आहे.