अक्कांची तीस माणसं

जगातली कुठलीही गोष्ट माणसांत मोजायची, ही आमच्या अक्कांची खोड. लिटर, किलो, मैल ही मापं त्यांच्या लेखी अर्धवट होती. धुळ्याच्या टेलिफोन ऑफिसात, लाईनी जोडून देण्याच्या विभागात, आम्ही कित्येक वर्षं समोरासमोर बसलो. तेवढ्या काळात त्यांनी मला इतक्यांदा समजावून सांगितलं, की मुळात जे येत होतं तेही गेलं.

"दोन एमबीची लाईन म्हणजे काय रे?" त्या विचारत. मी पुस्तकातलं उत्तर देई. त्या मान हलवत. "चूक. दोन एमबी म्हणजे तीस माणसं, एकाच वेळी बोलणारी. एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नाही, एवढंच नशीब." एका आवाजाला चौसष्ट किलोबिट धरून मी हिशेब केला की दर वेळी बत्तीस यायचे.

"अक्का, दोन माणसं कुठे गेली?"

"कुठे जातील? आतच आहेत. एक ताल धरतो, दुसरा कोण आलं, कोण गेलं ते बघतो. ती दोघं बोलत नाहीत."

"मग त्यांना मोजायचं की नाही?"

यावर त्या चष्मा काढून पदराने पुसायला घेत. म्हणजे शिकवणी संपली.

पुढे नवे साहेब आले. तरुण, उत्साही, आणि सगळं एमबीत बोलणारे. "इथून जळगावला एकशे पंचावन्न एमबी जातं," ते म्हणाले. अक्कांनी लगेच भाषांतर केलं, "त्रेसष्ट तिसा, तीस-तीस माणसांच्या. म्हणजे शिंदखेड्याकडचं एक भरगच्च लग्न." मी भागाकार केला. दोन-दोनचे गट केले तर सत्त्याहत्तर तिसा येत होत्या.

"अक्का, चौदा तिसा गायब आहेत."

"वरातीत बँडवाले, घोडेवाला, दिवे धरणारे नसतात का? त्यांना तू पाहुण्यांत धरतोस?"

"पण जेवायला तर बसतात."

साहेब समजुतीने म्हणाले, "तुम्ही दोघंही बरोबर आहात." त्यानंतर मी दिवसभर डोकं धरून बसलो.

केळी हा या मोजमापाला एकच अपवाद. शिरपूरकडचे एक केळीवाले नाना तावातावाने आले. शंभर एमबीची लाईन घेतली आणि कॉम्प्युटर बाराच दाखवतो, बाकीचं कोण खातं, असा त्यांचा सवाल. अक्का म्हणाल्या, "नाना, आम्ही केळी मोजून देतो. तुमचा कॉम्प्युटर फण्या मोजतो. आठ केळ्यांची एक फणी." पुस्तकात यांना बिट आणि बाइट म्हणतात.

"आठ? माझ्या बागेत सोळा लागतात."

"तुमच्या बागेत लागत असतील. आमच्या खात्यात आठच."

नाना विचारात पडले. जाताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मग मी खत वाढवायला सांगू का यांना?" मी म्हणालो, अर्ज करून बघा.

अक्कांच्या निवृत्तीचा दिवस ठरला, तेव्हा त्यांची एकच इच्छा होती. आईने निरोपसमारंभ पाहावा. आई सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात, अंथरुणाला खिळलेली. लेकीने आयुष्यभर काय काम केलं, कुठे केलं, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. गावात ग्रामपंचायतीपुरती एक जुनी लाईन होती, अक्कांनीच कधीकाळी भांडून नेलेली. दोन एमबीची. "तीस माणसं मावतात," अक्का म्हणाल्या, "माझी एक आई मावणार नाही?"

समारंभाच्या सकाळी अक्कांच्या भाच्याने आजीला, म्हणजे अक्कांच्या आईला, खुर्चीत बसवून पंचायतीत नेलं. आम्ही हॉलमध्ये व्हिडिओ जोडून पाहिला. पडद्यावर आजी अर्धी आली आणि गोठली. तिकडून भाचा म्हणाला, "आवाज ई ऱ्हायना, पन तोंड हालत नही." म्हणजे आवाज पोचत होता, चित्र नाही.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "अक्का, एका चेहऱ्यालाच सगळी लाईन लागते. तीही पुरत नाही."

अक्का खुर्चीवर बसल्या. बोटांवर काहीतरी मोजलं, परत मोजलं. "एका तोंडाला तीस माणसांची जागा?" त्यांनी मला विचारलं. मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही दोघं एकाच इयत्तेत होतो. मी म्हणालो, "अक्का, मला तर तीसच अजून कळलेले नाहीत."

थोड्या वेळाने त्या उठल्या. "चेहरा बंद करा. त्या जागेत माणसं बसवा."

मग समारंभाचं रूपच बदललं. हारतुऱ्यांकडे कुणी पाहिना. अक्कांनी माइक हातात घेतला आणि एकेकाच्या तोंडापुढे धरत हॉलभर फिरल्या. शिपाई बोलला, साहेब बोलले, केबल खोदणारे बोलले. केळीवाले नाना आमंत्रण नसताना आले होते, त्यांनी सोळाची तक्रार आजीकडे नोंदवली. मी लग्नाची गोष्ट रंगवून सांगितली, बँडसकट. तिकडून आजीचं हसू ऐकू येत होतं, मध्येच खोकला, पुन्हा हसू. अक्का फक्त माइक पुढे करत होत्या, एकाचं झालं की खुणेने दुसऱ्याला बोलावत होत्या.

सगळे बोलून दमले तेव्हा आजीने लेकीबद्दल विचारलं, "बठ्ठा बोलनात. मनी पोर काबर बोलत नही?"

अक्कांनी माइक स्वतःच्या तोंडाशी नेला. मग तो माझ्यापुढे धरला. मी म्हणालो, "आजी, ती इथेच शे. माइक तिनाच हातमा शे."

मग आजी म्हणाली, "मंग बठ्ठं बरं शे. चालू द्या."

अक्का आता आईजवळ, गावीच असतात. एकशे पंचावन्नाचे त्रेसष्ट कसे होतात, हे मला आजही विचारू नका. पण बत्तिसांतली ती न बोलणारी माणसं मोजायची की नाही, याचं उत्तर मला येतं. ती आधी मोजायची.