सोपानभाऊंचा राहिलेला चौथा भाग

सोपानभाऊंना मी पुस्तक पुरं वाचू दिलं नाही.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. वर्षभर ग्रुपवर सगळे त्यांच्या आठवणी काढत होते आणि मी गप्प होते. आज सांगते.

आमचा 'काय वाचताय?' नावाचा छोटासा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ॲडमिन मी. नियम दोनच. दर रविवारी सकाळी हातातल्या पुस्तकाचा फोटो टाकायचा, आणि शेवट कुणी कुणाला सांगायचा नाही.

सोपानभाऊ तिसगावच्या बाजारात आडतीवर कांद्याच्या गोण्या शिवायचे. मी तेव्हा तिथल्याच शाळेत शिकवत होते. एकदा माझ्या भाजीच्या पिशवीतलं पुस्तक त्यांनी पाहिलं.

"बाई, तुमचं वाचून झालं की मला द्याल का? जपून वापरीन."

दिलं. चार दिवसांत परत आलं, वर वर्तमानपत्राचं कव्हर घालून.

मग मीच त्यांना ग्रुपवर घेतलं. टायपिंग जमायचं नाही, म्हणून फोटोखाली व्हॉइस मेसेज.

"पान एकशे बारा. म्हातारी अजून जित्ती हाय. बरं वाटलं."

एवढंच. आम्ही बाकीचे शैली, आशय, असलं काहीबाही लिहायचो. पण खरं सांगते, रविवारी आम्ही वाट त्यांच्याच मेसेजची बघायचो.

ही म्हातारी होती एका जाडजूड कादंबरीतली. सहाशेच्या वर पानं. माझ्या वडिलांनी मला घेऊन दिलेली. माझी नेवाशाला बदली झाली, तिथून मी ती त्यांना पाठवली होती. म्हातारी एकटी राहते, लेक भांडून निघून गेलेली.

एकदा त्यांचा फोन आला.

"बाई, लेक परत येती का वो?"

"नियम म्हणजे नियम, सोपानभाऊ. वाचा आणि बघा."

"ऱ्हायलं. वाचतो."

आणि मग तो रविवार.

फोटोत माझ्या वडिलांचं पुस्तक होतं. पण अर्धं सुद्धा नाही. मधूनच कापलेला एक पातळ गठ्ठा, मागचं-पुढचं काही नाही. कडेला ब्लेडचा घाव स्पष्ट दिसत होता.

माझं डोकंच फिरलं. मला ओळखणाऱ्यांना माझा राग माहीत आहे.

मी सगळ्यांसमोर लिहिलं, "ज्याला पुस्तकाची कदर नाही, त्याने पुस्तक मागू नये. ताबडतोब परत करा."

खाली पटापट अंगठे आले. कुणी "अरेरे" लिहिलं. कुणी हात जोडले.

कव्हर घालून पुस्तक परत करणारा माणूस ते कापेल कशाला, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. मला तर नाहीच नाही.

त्यांचा मेसेज आला. "चूक झाली, बाई. शिवून देतो."

आठवड्याच्या आत तिसगावहून येणाऱ्या एका शिक्षकाच्या हाती पुस्तक आलं. चार भाग एकत्र करून सुतळीनं शिवलेले. दाभणानं, गोणी शिवतात तसे. वर वर्तमानपत्राचं कव्हर.

आत, तिसऱ्या भागाच्या शेवटी, खूण म्हणून एसटीचं तिकीट. तिसगाव ते नगर.

मी पुस्तक कपाटात टाकलं आणि कपाट लावलं.

त्यानंतर सोपानभाऊ ग्रुपवर बोलले नाहीत. मला वाटलं, रुसलेत. एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं? पण माझा ताठा आडवा आला.

दीड महिन्यानं ते गेल्याचाच मेसेज आला.

दहाव्याला मी तिसगावला गेले. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून उठायला लागल्या, मी खाली बसवलं. त्यांनी कुणाला दोष दिला नाही, नुसतं सांगत गेल्या.

"किडन्या गेल्या हुत्या, बाई. आठवड्यातून दोनदा नगरला, डायलिसिसला. चार-चार तास. एका हातात सुया, त्यो हलवायचा न्हाई. दुसऱ्या हातानं तुमचं पुस्तक पेलंना. छातीवं पडायचं. म्हनून भाग केले. ब्लेड हातात घिऊन लई येळ बसले हुते आधी."

"मला सांगायचं ना, वहिनी."

"मी बी तेच म्हनलं. तर म्हनले, त्या ग्रुपात मला कुनी दुखनं इचारीत न्हाई. फकस्त पुस्तक इचारत्यात. तेवढं तरी ऱ्हाऊ दे."

वहिनी पुढं सांगतच होत्या.

"मी म्हनलं, मग आसा कापलेला फोटू कशाला टाकता? तर म्हनले, रविवार हाय. टाकाया लागतो."

माझा नियम.

"चौथा भाग तेवढा ऱ्हायला म्हनायचे. मी म्हनलं, मागा की परत. तर म्हनले, नको, बाई आधीच रागावल्यात."

घरी येऊन मी मोबाईलमध्ये तो फोटो शोधून काढला. गठ्ठ्याखाली हॉस्पिटलची पांढरी चादर आहे. कोपऱ्यात नळीचा तुकडा आहे. दोन्ही स्पष्ट दिसतात. मी तेव्हा फक्त कापलेली कड पाहिली होती.

वडील असते तर पुस्तकासाठी मला एका शब्दानं बोलले नसते. सोपानभाऊंसाठी मात्र बोलले असते.

आज रविवार आहे.

सध्या काय वाचतेय? तेच. बाइंडिंग पुन्हा करून घेतलेलं नाही. शिवण इतकी घट्ट आहे की आतल्या कडेचे शब्द दिसत नाहीत, पान वाकवून वाचावं लागतं. तिकीट जिथं होतं तिथंच आहे. त्याच्या पुढचं मी काल वाचून संपवलं.

ग्रुपचा एक नियम आज मी मोडतेय. ज्यांना ही कादंबरी वाचायची असेल, त्यांनी इथंच थांबावं.

सोपानभाऊ, लेक येते.

शेवटून तिसऱ्या पानावर येते. दार म्हातारीच उघडते.

म्हातारी जित्ती हाय.

मला माफ करा. या आता.