रागवायची भाषा, कौतुकाची भाषा
संपादकबाईंना नगरपालिकेत निवडून यायचं होतं आणि सख्खे वडीलच म्हणत होते, "माझं मत तुला नाही." घरचंच मत मिळेना, तर दारोदार फिरून काय उपयोग? पण बाई फिरत होत्या. घाबरायला त्यांना कधी सवड मिळालीच नव्हती.

शहराच्या मधोमध नदी होती. अलीकडच्या काठाची भाषा एक, पलीकडच्या काठाची दुसरी. बाईंचे वडील अलीकडचे, घड्याळं दुरुस्त करणारे. आई पलीकडून लग्न होऊन आलेली, आता हयात नाही. ती दोन्ही भाषा बोलायची, पण तिचा एक नियम होता. माणसावर रागवायचं ते त्याच्याच भाषेत, म्हणजे नीट लागतं. आणि कौतुक करायचं ते दुसऱ्या भाषेत, त्याच्या पाठीमागे, म्हणजे तो चढून बसत नाही. त्यामुळे घड्याळजींनी संसारभर बायकोची बोलणी तेवढी ऐकली. तिच्या माहेरी आपल्याबद्दल काय बोललं जातं, याचा त्यांना पत्ताच नव्हता. पलीकडच्या भाषेतले त्यांना येत होते ते चार-दोन शब्द, तेही "किल्ली" आणि "काटा" असले धंद्यापुरते.

मुलीने आईचा नियम उचलला आणि त्यावर अख्खं साप्ताहिक चालवलं. चार पानं असायची, दोन या भाषेत, दोन त्या भाषेत. दोन्हीकडचं लिखाण बाई स्वतः करायच्या आणि एकाचं भाषांतर दुसरीकडे कधी टाकायच्या नाहीत. "भाषांतर म्हणजे मागून आणलेला शर्ट," त्या म्हणायच्या, "अंगात बसतो, पण खांदे दुसऱ्याचे." त्यांची कथांची पुस्तकंही दोन, प्रत्येक भाषेत एक, आणि एकातली कथा दुसऱ्यात नाही. अलीकडच्या पानांवर त्या अलीकडच्यांना झोडपायच्या. रस्त्यावर कचरा टाकता, शाळेच्या मैदानात गाड्या लावता, लाज नाही वाटत? पलीकडच्या पानांवर पलीकडच्यांची तीच गत. आणि प्रत्येक काठाचं कौतुक मात्र दुसऱ्या काठाच्या पानांवर.

आता लोक काय करायचे, तर आपली दोन पानं वाचायचे आणि उरलेली दोन कपाटात अंथरायचे. त्यामुळे दोन्हीकडे एकच समज झाला: ही बाई आपल्याला शिव्या घालते आणि त्यांचे गोडवे गाते. अलीकडचे म्हणायचे, ही आईवर गेली. पलीकडचे म्हणायचे, बापावर गेली. एवढी हुशार बाई, पण ही साधी गोष्ट तिच्या डोक्यात कधी आली नाही. आईचा नियम घरात चालतो म्हणून गावात चालेलच असं थोडंच आहे!

निवडणुकीला उभं राहायचं कारण त्यांची धाकटी बहीण. बाळंतपणाचा दवाखाना फक्त पलीकडे, आणि पुलावर गाड्यांची गर्दी. बहीण पुलाच्या मध्यावर, रिक्षात बाळंत झाली. बाळ वाचलं, पण बहिणीचं ते ओरडणं बाईंच्या कानातून जाईना. अलीकडे दवाखाना हवा, म्हणून त्या उभ्या राहिल्या. वॉर्ड पुलाच्या दोन्ही टोकांना पसरलेला, म्हणजे मतं दोन्हीकडची लागणार.

"दवाखाना आमच्यासाठी मागतेस, आणि छापतेस काय? आम्ही आळशी, आम्ही घाणेरडे!" वडील खोकत म्हणाले. "अगं, दुकानात येऊन लोक मला सुनावतात."

"बाबा, खोटं काय लिहिलं ते सांगा."

"खोटं नाही. पण सगळं आमच्याच वाट्याला का?"

बाईंना ते लागलं. भर सभेत त्यांना कुणी दुतोंडी म्हटलं तर त्या हसायच्या, पण वडिलांच्या या प्रश्नावर त्यांना हसता येईना. तरी पलीकडच्या पानांवर काय छापतो ते त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं तर आईचा नियम मोडतो.

नियम मोडला तो विरोधी उमेदवाराने. त्याच्या आवाजावरून त्याला सगळे भोंगा म्हणायचे. भोंग्याने विचार केला, ही तोंडावर इतकं बोलते, तर पाठीमागे काय काय बोलत असेल! त्याने छापखान्यात हुकूम सोडला: पलीकडच्या पानांवर तिने अलीकडच्यांबद्दल जे लिहिलंय ते अलीकडच्या भाषेत आणा, अलीकडच्या पानांवरचं पलीकडच्यांबद्दलचं त्यांच्या भाषेत करा, आणि लावा भिंतींवर. वर मोठ्या अक्षरांत: "तुमच्या पाठीमागे ही काय बोलते, वाचा!" स्वतः मात्र त्याने एक ओळ वाचली नाही. वाचायची सवय असती तर तो इतका मोठ्याने बोलला असता का?

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी दोन्ही काठांच्या भिंती पोस्टरांनी भरल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. माणसं आधी दात-ओठ खात जमली, मग वाचता वाचता एकमेकांकडे बघायला लागली. अलीकडच्या भिंतींवर होतं, "पुराच्या वर्षी अलीकडच्यांनी आपल्यासाठी दारं उघडी ठेवली, असे शेजारी नशिबाने मिळतात." पलीकडच्या भिंतींवर लिहिलं होतं की तिकडच्या नर्सनी संप सोडून अलीकडच्या बाळंतिणी सांभाळल्या. भोंगा दुपारी स्वतःची पोस्टरं स्वतःच फाडताना दिसला.

बाई दुकानात आल्या तेव्हा वडील समोरच्या भिंतीपाशी उभे होते. डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून ते शेवटची ओळ वाचत होते: "त्या काठावर एक घड्याळजी आहेत, त्यांनी गिऱ्हाइकाला कधी खोटं सांगितलं नाही."

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"आई सांगायची का?"

वडिलांनी भिंग काढलं. ते सदऱ्याला पुसलं. मग हळूच म्हणाले, "ती काय म्हणायची गं? तिकडे, माहेरी?"

बाईंनी नियम मोडला. त्यांच्याच भाषेत सांगितलं, "म्हणायची, पुन्हा जन्म मिळाला तर याच माणसासाठी नदी ओलांडीन."

"आणि मला रोज धांदरट म्हणायची!" वडील हसायला लागले, आणि हसता हसता रडले.

बाई निवडून आल्या, दोन्ही काठांवरून. पण मला आठवते ती पोस्टरांच्या दुसऱ्या दिवशीची मतदानाची रांग. वडील सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मुलीवर ओरडत होते, "उमेदवार झाली तरी चपलेचा पट्टा सुटलेलाच! कधी अक्कल येणार तुला?" बाई पट्टा बघायला खाली वाकल्या. तेवढ्यात वडील मागे वळले आणि पलीकडून आलेल्या एका अनोळखी बाईला, तिच्या भाषेत, अडखळत, नुकतेच शिकलेले शब्द शोधत म्हणाले, "माझी मुलगी. फार चांगली."

बाई खाली वाकलेल्याच राहिल्या. पट्टा बराच वेळ काही केल्या लागेना.