काडी रोवणारा डोंगेवाला

पावसाच्या सुरुवातीला वैनगंगेतल्या हिरव्यागार बेटावर मी म्हशीसाठी गवत कापायला जायचो. लाकडी होडीतून नेणारा डोंगेवाला कमी बोलायचा. उतरल्याबरोबर पाण्याच्या कडेला काडी रोवायचा आणि विडी ओढत तिच्याकडेच पाहत बसायचा.

एकदा पाणी चढलं आणि काडी बुडाली.

"चला भाऊ, बसा!"

मी भारे डोंग्यात टाकले. त्याने न विचारता ते नदीत फेकले.

"काहून फेकले रे?"

"गवत पुन्हा उगवते. तुमी उगवता काय?"

मातकट पाण्यात डोंगा गरगर फिरू लागला. बायको गेल्यापासून मी त्याला रोज म्हणायचो, मले आता जगायचं नाही. त्या दिवशी दोन्ही कडा घट्ट धरून मी "वाचव रे बाप्पा" म्हणून रडलो.

काठाला लागल्यावर गावात त्याने माझं हे रडणं कोणालाच सांगितलं नाही.